ठिपक्याची कैफियत

गेल्या महिन्यात आमच्या नेरूळच्या घरात मतदान झालं. उमेदवार एकच होता, आणि तोही बिचारा मुका. आमचा १९९५ सालचा एकवीस इंची रंगीत टीव्ही. जुन्या पद्धतीचा, म्हणजे पोट पाठीला असलेला. त्याला घरात ठेवायचं की भंगारवाल्याच्या हवाली करायचं, एवढाच प्रश्न होता. सौ., चिरंजीव आणि सूनबाई या तिघांचे हात एकदम वर गेले. नातू मतदार यादीत नव्हता, तरी त्यानं दोन्ही हात वर केले. विरोधात मी एकटा. "ठराव बहुमताने मंजूर," असं जाहीर करून चिरंजीवांनी तिथल्या तिथे भंगारवाल्याचा नंबर फिरवायला घेतला. स्वातंत्र्यानंतर इतक्या तातडीनं अंमलात येऊ घातलेला हा पहिलाच ठराव असावा.

खरं सांगायचं तर डब्याच्या बाजूनं बोलायला माझ्यापाशी फारसं काही नव्हतं. त्याला उचलायला दोन माणसं लागतात आणि "सांभाळून, सांभाळून" म्हणायला तिसरं. पडद्याचा उजवा कोपरा जांभळा दिसतो. कारण एकेकाळी मी हौसेनं त्याच्या कुशीत भलामोठा स्पीकर ठेवला होता आणि त्यातल्या लोहचुंबकानं आपला प्रभाव कायमचा पाडला. गेली बारा-तेरा वर्षं तर त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, त्याच्यावर फक्त ठेवत होतं. आधी सौ.नं विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीत विजेची बिलं. समोरच्या भिंतीवर पंचावन्न इंची नवा टीव्ही आहे. तो इतका सपाट आहे, की त्याच्यावर साधी विजेची बिलंसुद्धा ठेवता येत नाहीत. प्रगती म्हणतात ती हीच.

तेवढ्यात, आतापर्यंत कोपऱ्यात गप्प बसलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, टाकणारच असाल तर मला द्या."

घरात क्षणभर शांतता पसरली. पस्तिशीचा, महाप्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्यापैकी पगारावर असलेला माणूस शुद्धीवर असताना जुना टीव्ही मागतो, ही गोष्ट पचायला वेळ लागतो. सूनबाईंनी हलक्या आवाजात "पैशाची काही अडचण आहे का?" असं विचारूनही घेतलं.

अडचण पैशाची नव्हती, चित्राची होती. भाचा रात्री जागून टीव्हीवर खेळायचा खेळ बनवतो. आजच्यासारखा नव्हे; त्याच्या लहानपणी होता तसा. त्या काळात मे महिन्याच्या सुट्टीत ही सगळी पोरं आमच्याकडे जमायची आणि याच डब्याला ‘टीव्ही गेम’ जोडून दिवसभर त्याच्यापुढे मांडी ठोकायची. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली काढलेल्या यंत्राची ही बिनबापाची भावंडं आपल्या बाजारात ढिगानं मिळत. अँटेनाची वायर उपसून तिथे याची वायर खुपसायची, चॅनल जुळवायचं, आणि कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं असे. आत खेळ जेमतेम सात-आठ. तेच पुन्हापुन्हा नावं बदलून समोर यायचे. निवडणुका पाहिलेल्या माणसाला ही कल्पना नवीन नाही.

भाच्यानं लॅपटॉप उघडला. त्याच्या खेळाचा नायक रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. हे मात्र मला मनापासून आवडलं. ठाण्याच्या खाडीत दरवर्षी हजारोंनी उतरणारे हे पाहुणे म्हणजे आम्हा नवी मुंबईकरांची श्रीमंती. २०१५ साली सरकारनं खाडीचा भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर केला. भाच्याचा रोहित खाडीवरून उडतो, उंच इमारती चुकवतो आणि उतरायला पाणी शोधतो. खेळ पुढे जातो तसतसं पाणी कमी होत जातं, हीच त्यातली मेख.

आम्ही सगळे वाकून बघू लागलो. लॅपटॉपवर गुलाबी आणि पांढऱ्या चौकटींचं काहीतरी फडफडत होतं.

"लुंगी नेसलेलं कोंबडं आहे का रे?" सौ.नं भाबडेपणानं विचारलं.

"एवढे मोठमोठे चौकोन कशाला?" चिरंजीव म्हणाले. "आता किती छान काढता येतं!"

"अहो, रेट्रो आहे ते," सूनबाईंनी खुलासा केला. "त्यात चौकोनच असतात."

भाच्याचा चेहरा एवढासा झाला. तो म्हणाला, "हे इथे बघायचं नाहीये. हे त्याच्यावर बघायचंय." आणि त्यानं डब्याकडे बोट दाखवलं.

सगळे हसले. मी हसलो नाही. कारण हे एकच वाक्य मी पुरी चौतीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो.

माझी नोकरी एका दैनिकाच्या प्रोसेस खात्यातली. १९७९ साली लागलो तेव्हा छायाचित्र छापायचं म्हणजे त्याचा जस्ताचा ठोकळा करावा लागे. शाईला काळं कळतं. करडं कळत नाही. म्हणून छायाचित्र एका बारीक जाळीतून पुन्हा टिपायचं. त्याचे ठिपके होतात. अंधाराच्या जागी मोठे, उजेडाच्या जागी बारीक. गुळगुळीत कागदाला इंचात १३३ ओळींची जाळी चाले, वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला ६५ची. कारण तो कागद शाई पितो आणि ठिपका पसरतो. हा पसरणारा ठिपका हीच आमची विद्या. तो किती पसरेल हे आधी ओळखायचं आणि त्या हिशेबानं त्याला लहान ठेवायचं. हिशेब चुकला की सकाळी मुख्यमंत्र्यांच्या चेहऱ्याच्या जागी कोळशाची वखार! ठोकळ्यावर देखणं दिसलेलं चित्र कागदावर काळवंडायचं, आणि ठोकळ्यावर देवी आल्यासारखा दिसणारा माणूस कागदावर छान हसायचा.

एकदा एक नवे उपसंपादक छापलेल्या चित्राला भिंग लावून म्हणाले, "अहो, यात तर नुसते ठिपके आहेत!" मी म्हटलं, "साहेब, भिंगातून पाहिलं तर आपण दोघंही नुसती भोकं आहोत." त्यानंतर माझी वेतनवाढ एक वर्ष रखडली. पण मुद्दा मी अजून सोडलेला नाही.

पुढे ऑफसेट आलं, मग संगणक आले. ठोकळे किलोवर, जस्ताच्या भावानं गेले. तेव्हाही माझं मत कोणी विचारलं नव्हतं. माझ्या हातचा एकच ठोकळा मी घरी आणला. मरीन ड्राइव्हवर पावसाळ्यात उसळलेली लाट. मागे कौतुकानं नातवाला तो दाखवला. त्यानं उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, हे खराब झालंय. ठिपके पडलेत याच्यावर."

तर वाचकहो, आता माझं भांडण ऐका. ते माझ्या घरच्यांशी नाही, कारण त्यात हरणं ठरलेलंच आहे. भांडण आहे ते जुन्या खेळांची चित्रं चौकोनी होती असं ठासून सांगणाऱ्यांशी. वाशीच्या मॉलमध्ये जा. शर्टांवर चौकोनी माणूस, कॉफीच्या मगावर चौकोनी भूत, उशीवर चौकोनी बदाम. आणि या सगळ्याला नाव काय, तर ‘जुन्या काळचा लूक’! अहो, ज्या काळची ही चित्रं, त्या काळी हे चौकोन कोणी पाहिलेच नव्हते. ठोकळा दाखवून ‘हेच छायाचित्र’ म्हणण्यातला हा प्रकार आहे.

त्या डब्यात काय चालतं ते एकदा समजून घ्या. डब्याच्या मागच्या मानेतून इलेक्ट्रॉनचा झोत वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या ओढीनं पडद्यावर येऊन आदळतो. काचेच्या आतल्या अंगाला लाल, हिरव्या आणि निळ्या फॉस्फरचे बारीक बारीक पट्टे असतात. झोत लागला की ते उजळतात. झोत शेतात नांगर फिरावा तसा डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरत राहतो. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राला ६२५ ओळी आणि सेकंदाला पंचवीस चित्रं. म्हणजे सेकंदाला १५,६२५ वेळा नांगरट! हे खेळाचं यंत्र मात्र त्यांतल्या निम्म्याच ओळींवर काम भागवी. त्यामुळे दोन उजळ ओळींमध्ये काळोखाची एक बारीक फट राही. उजळ ठिपका फुगून त्या फटीत शिरे, काळपट ठिपका अंग चोरून बसे. ठिपका उंचीपेक्षा रुंदीला थोडा जास्त, कडेला विरघळलेला. वायरीतून येतानाच रंग थोडासा फाकलेला. या सगळ्यात चौकोन कुठे आहे, सांगा!

आणि चित्रकारांना हे माहीत नव्हतं असं समजू नका. त्यांची मापं बघा. पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. हलणाऱ्या आकृतीचा एकेक तुकडा आठ बाय आठ ठिपक्यांचा, आणि त्या तुकड्याला रंग फक्त तीन. महिन्याच्या वीस तारखेनंतर मध्यमवर्गीय गृहिणी ज्या हातानं तेल वापरते, त्या हातानं ही माणसं रंग वापरीत. आलेखाच्या कागदावर घरं भरायची आणि टीव्हीवर टाकून बघायचं. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ पहिल्यांदा आला. त्याला टोपी का? तर केस काढायला ठिपके पुरेनात. मिशी का? तर तोंड काढायला जागा नाही, आणि मिशी दिली की नाक आपोआप उठून दिसतं. त्याच्या १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच आकाराची आहेत, रंग तेवढा वेगळा. एका ताग्यातून थोरल्याचा सदरा आणि धाकट्याची चड्डी बेतणाऱ्या आमच्या आईला हे जपानी गृहस्थ एकदम आवडले असते. अख्खा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये बसला. आज सकाळी मोबाइलवर येणारं ‘शुभ प्रभात’चं गुलाबाचं एक फूल बहुधा याहून जड असतं, आणि खेळायला काहीच नाही.

ही माणसं ठिपका काढत नव्हती; ठिपका पसरल्यावर काय होईल, ते काढत होती. १९९१ सालच्या ‘सॉनिक’मधला धबधबा घ्या. नव्या पडद्यावर तो म्हणजे उभ्या रेघांचा पायजमा. पण जुन्या वायरीतून जुन्या डब्यावर गेला की शेजारशेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक होतं, पलीकडचं दिसू लागतं. त्या यंत्राला पारदर्शक रंग करणं धड जमतच नव्हतं. ते काम चित्रकारानं वायरीच्या दोषाकडून करून घेतलं! १९९७ सालच्या एका ‘कॅसलव्हेनिया’ खेळात ड्रॅक्युलाच्या चेहऱ्यावर डोळ्यापाशी लाल ठिपका आहे. नव्या पडद्यावर तो लागण झाल्यासारखा दिसतो. डब्यावर तोच ठिपका फाकून डोळ्यात विस्तव पेटतो. एका ठिपक्यात राक्षस जिवंत करणारे हे लोक, आणि आपण त्यांना काय म्हणतो? "बिचाऱ्यांना चौकोनच जमत होते."

आता आमचा नवा टीव्ही बघा. त्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ब्याऐंशी लाखांहून जास्त ठिपके आहेत. जुना खेळ त्यावर लावला की जुन्या एका ठिपक्याच्या जागी सुमारे शंभर नवे ठिपके खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि सगळे मिळून एकच रंग दाखवतात. एका कारकुनाच्या कामाला शंभर कारकून! काम तेच, फक्त खुर्च्यांचा चौकोन आता लांबून दिसतो. या शंभरांच्या फौजेला चौकोनाच्या कडा इतक्या चोख सांभाळता येतात, की त्या एकट्या ठिपक्यानं जे मोकळं सोडून दिलं होतं, तेच नेमकं मारलं जातं.

मी चौकोनांचा शत्रू नाही. नवी मुंबईत राहणाऱ्याला ती चैन परवडत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आमचं हे शहर कागदावर आखून, सेक्टरांचे आकडे घालून, मग माणसं आणून वसवलं. नकाशात पाहिलंत तर नुसत्या चौकटी. पण राहायला या. चौकटीबाहेर कुणाची तुळस आली आहे, कुणाचा ग्रिलचा पिंजरा पुढे सरकला आहे, तळमजल्यावरच्या आजींनी सोसायटीच्या जागेत कढीलिंब लावला आहे आणि अख्खी इमारत तो तोडून नेते आहे. शहर हे या पसरण्याला म्हणतात. सिडकोचा नकाशा म्हणजे ठोकळा आहे. छापील चित्र आम्ही आहोत. ठिपक्यांच्या रांगोळीत तरी दुसरं काय असतं? आधी ठिपके मांडायचे, पण रांगोळी पुरी झाल्यावर कुणी ठिपके मोजत बसलं तर बायका त्याला उंबऱ्यातून आत घेणार नाहीत.

आणि आमच्या पिढीला तर अपुऱ्या चित्रातून पुरं बघायची सवयच होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला दूरदर्शन सुरू झालं. गच्चीवर एक जण वरळीच्या मनोऱ्याच्या दिशेनं अँटेना फिरवतोय, जिन्यात एक जण निरोप्या म्हणून उभा आहे, आणि खालून आरोळी, "मुंग्या! अजून मुंग्याच!" त्या मुंग्यांतून आम्ही क्रिकेट पाहिलं. काही हौशी घरांत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगीत प्लॅस्टिकची काच लावत. वर निळी, खाली हिरवट. निवेदिकेचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसे, तरी बघणारे म्हणत, "आज साडी मोरपंखी आहे." आणि ती खरोखर मोरपंखी असणार, याबद्दल एकाही बाईच्या मनात शंका नसे. १९८२ साली रंग आले आणि भांडणच मिटलं. तोवर निम्मं चित्र दूरदर्शन पाठवीत असे, निम्मं आमच्या घरातून जात असे.

आता विरोधी पक्षाचं म्हणणंही मांडतो, नाहीतर मला एकांगी म्हणाल. चिरंजीव म्हणाले, "बाबा, नव्या टीव्हीवर फिल्टर मिळतो. जुन्यासारख्या ओळी आणि धूसरपणा येतो." मी ताडकन म्हणालो, "दारावर प्लॅस्टिकचं आंब्याचं तोरण लावण्यातला प्रकार आहे तो!" टाळी पडण्याजोगं वाक्य होतं. पण माझ्याच पक्षाच्या भाच्यानं मला तोंडघशी पाडलं. म्हणाला, "नाही मामा, आताचे चांगले फिल्टर खूप जवळ जातात. ज्यांच्याकडे डबा नाही त्यांनी ते लावावेत. लावत नाहीत, हेच दुःख आहे. आणि सगळीच जुनी चित्रं डब्यासाठी नव्हती. १९८९ सालच्या ‘गेम बॉय’चा पडदा काचेच्या नळीचा नव्हताच, त्यावर ठिपके सुटे सुटे दिसायचे आणि चित्रकारांनी ते तसेच धरून काढलंय." मी म्हटलं, मान्य. मग माझा मुद्दा आणखीच पक्का झाला. प्रत्येक चित्राला त्याचा कागद असतो. तो विचारल्याशिवाय चित्राला नावं ठेवू नका.

डब्यात दोष आहेत, तेही कबूल. तो वीज खातो, जागा खातो. त्याच्या काचेत शिसं आहे. आतून निघणारे क्ष-किरण अडवण्यासाठी ते घातलेलं असतं. म्हणूनच तो भंगारवाल्याला देण्याच्या मी विरुद्ध आहे. मानेवरच्या तांब्याच्या गुंडाळीसाठी नळी फोडायची आणि काच दिसेल त्या खड्ड्यात लोटायची, ही आपल्याकडची वहिवाट. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२पासून लागू आहेत, पण नियम आणि खड्डा यांच्यामध्ये एक हातगाडी असते आणि ती नेहमी आधी पोचते. तेव्हा माझी मागणी एवढीच आहे. डबा मेला असेल तर अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या. आणि जिवंत असेल, तर टाकण्याआधी निदान आजूबाजूला विचारा. एखादा वेडा भाचा तुमच्याही जिन्यात उभा असेल. असे डबे आता कारखान्यांतून निघत नाहीत. जे आहेत ते शेवटचे.

शेवटी रविवारी प्रयोग ठरला. फुलदाणी, रुमाल आणि बिलं उतरवली. माळ्यावरून टीव्ही गेम काढला. भाच्यानं आपला खेळ भरलेली कॅसेट त्यात घातली आणि जुन्या सवयीनं आधी फुंकर मारली. मी बटण दाबलं. "ढुंम्" असा तो ओळखीचा आवाज झाला, आणि काचेवर हात फिरवला तशी हातावरची लव उभी राहिली.

"कसली शिट्टी वाजतेय?" नातवानं कानावर हात ठेवले.

"तुला येतेय ऐकू? मलापण," भाचा हसला. "सेकंदाला १५,६२५ ओळी मारताना डबा शिट्टी घालतो. मामा, तुला?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. एके काळी जिन्यात पाऊल टाकताक्षणी मी सांगत असे, की घरात पोरांनी टीव्ही लावलाय, अभ्यास नाही. आवाज बंद केला असला तरी. पोरांना वाटायचं, बाबांना दैवी शक्ती आहे. ती कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. "येतेय थोडी," मी म्हणालो. एवढं खोटं चालतं.

मुंग्या गेल्या आणि चित्र आलं. लुंगीच्या चौकटी कुठेच नव्हत्या. गुलाबी आणि पांढरे ठिपके एकमेकांत विरून पिसांची मऊ लव झाली होती. लॅपटॉपवर फणीच्या दात्यांसारखं दिसणारं खाडीचं पाणी आता पाण्यासारखं हलत होतं आणि त्यातून पक्ष्याचे काटकुळे पाय दिसत होते. उजव्या कोपऱ्यातला आमचा जांभळा डागसुद्धा संध्याकाळच्या आभाळात खपून गेला. कुणी बोलत नव्हतं. चिरंजीव नेहमीसारखे मोबाइलमध्ये नव्हते, ही मोठीच दाद.

सौ. पोह्यांच्या बश्या घेऊन आली ती दारातच थबकली. पक्ष्यानं मान वळवली होती. त्याच्या काळ्या डोळ्यात एक पांढरा ठिपका होता, अख्ख्या डोळ्याला एकच.

"अगं बाई!" ती म्हणाली. "हा तर माझ्याकडे बघतोय!"

भाचा काही बोलला नाही. त्यानं फक्त बशी घेतली आणि तोंड खाली घालून पोहे खाल्ले. रात्र-रात्र जागून काढलेल्या त्या ठिपक्याची मजुरी मिळाली होती. वेतनवाढ रखडलेल्या माणसाला हे चेहरे ओळखता येतात.

फेरमतदान झालं नाही. ठराव कायम राहिला. फक्त ‘भंगारवाला’ खोडून तिथे ‘भाचा’ असं लिहिलं गेलं. पुढच्या रविवारी टेम्पो येणार आहे. विणलेला रुमालही डब्याबरोबर जाणार आहे, असं सौ.नं परस्पर ठरवलंय.

सगळे पांगले तेव्हा नातू माझ्या खोलीत आला. कपाट उघडून त्यानं तो जस्ताचा ठोकळा बाहेर काढला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ तिरपा करून बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, हे कशावर बघायचं असतं?"

मी काही न बोलता रद्दीतून वर्तमानपत्राची एक कोरी कड फाडली आणि रबरी शिक्क्याची शाई कुठे ठेवली आहे ते शोधायला उठलो.